पाझर तलावातला गाळ आणि पोरांची सुट्टी: माणमधल्या आमच्या गावाचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

यात्रेला गावी येणाऱ्या, आणि यंदाही रजा न मिळाल्यामुळे येऊ न शकणाऱ्या सगळ्या मंडळींना गावातल्या तरुण मंडळाकडून ही विनंती: तलावातला गाळ काढायला आणि पोरांच्या मे महिन्यातल्या वर्गाला हातभार लावा.

गेल्या आठवड्यात आम्ही चार-पाच जण पाझर तलावात उतरलो. उतरलो म्हणजे चालतच गेलो, कारण पाणी माघातच आटलं होतं. मधोमध एक पहार रोवली. वरचा भेगाळलेला पापुद्रा फुटला आणि मग पहार नुसत्या हाताच्या जोरानं खाली जात राहिली. मुरूम लागला तेव्हा वर धरायला जेमतेम मूठभर पहार उरली होती. म्हणजे जवळजवळ पाच फूट गाळ. जिथं पाणी असायला हवं तिथं आपल्याच शिवारातून वाहून आलेली माती बसली आहे.

हा तलाव १९७२ च्या दुष्काळातला. आपल्या आज्या-आजोबांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून आणि डोक्यावरून पाट्या वाहून बांधलेला. सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन त्यांनी हा भराव घातला. गावात अजून दोन-तीन म्हाताऱ्या आहेत, ज्या भरावावर बोट ठेवून सांगतात, इथून तिथपर्यंत आमच्या टोळीनं माती टाकली. त्यांच्या हयातीत हा तलाव काठोकाठ भरलेला दिसावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आपल्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माणच्या वाट्याला येतो तो पाचशेच्या आत-बाहेर, तोही कधी आठ दिवसांत सगळा आणि मग दीड-दोन महिने आभाळ कोरडं. एवढ्यावर शेती करायची तर पडलेला थेंब गावातच अडवावा लागतो आणि जिरवावा लागतो. पाझर तलावाचं कामच ते. त्यातलं पाणी उपसायचं नसतं, ते जमिनीत मुरून खालच्या बाजूच्या विहिरींना येतं. तळाला गाळाचा थर बसला की पाणी साठतंही कमी आणि मुरतंही कमी. तलावाखालच्या विहिरी पूर्वी होळीपर्यंत पुरायच्या. आता संक्रांतीलाच तळ दिसतो.

हिशेब अगदी सोपा आहे. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर गाळ बसतो. तेवढा गाळ निघाला की तलावात २,८३० लिटर पाण्याची जागा होते. ती एका वर्षापुरती नाही, दर पावसाळ्यात भरते. आणि निघालेला गाळ आपल्या मुरमाड रानात पसरला तर ते रान सुधारतं. एकरभर रानात चार इंचांचा थर द्यायला चारशे घनमीटर गाळ लागतो, म्हणजे सुमारे १४० खेपा.

याचा फरक आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. खालच्या आळीतल्या एका काकूंचं दीड एकर रान आहे, घरात कमावतं दुसरं कुणी नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या अर्ध्या रानात गाळ टाकून झाला आणि उरलेलं अर्धं तसंच राहिलं. बाजरी एकाच दिवशी पेरली. श्रावणात पावसानं ओढ दिली तेव्हा मुरमाड भागातल्या पानांच्या दुपारी बारालाच सुरळ्या व्हायच्या. गाळाच्या भागातली पानं मात्र तीन वाजताही उघडी. काकू बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "हे बघ, मधी रेघ मारल्यागत दिसतंय." खरंच रेघ दिसत होती.

उरलेलं अर्धं रान का राहिलं, तेही सांगितलं पाहिजे. गेल्या वर्षी आम्ही भाड्यानं घेतलेलं गाळ काढायचं मशिन, म्हणजे पोकलेन, ऐन मे महिन्यात बिघडलं. दुरुस्तीला दिवसामागून दिवस गेले. बदली मशिन देण्याचा शब्द होता, तो पाळला गेला नाही. मशिन पुन्हा सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वळीव कोसळला. तलावात चिखल झाला, काम तिथंच थांबलं. नाव नोंदवलेल्या अकरा शेतकऱ्यांपैकी सहा जणांच्या रानात एकही ट्रॉली गेली नाही. त्यांना तोंड दाखवायला आम्हाला जड गेलं. म्हणून यंदा मशिनचा करार लेखी केला आहे, काम महिनाभर आधी सुरू करतो आहोत, आणि पहिला मान त्या सहा जणांचा.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या शासनाच्या योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकांना गाळ वाहून रानात पसरण्यासाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत अनुदान आहे. त्यासाठीचे अर्ज आम्ही भरून देतो आहोत. पण अनुदान कामानंतर येतं, आणि ट्रॅक्टरला डिझेल त्याच दिवशी लागतं. ज्याच्याकडे हातात पैसा नाही तो इथंच मागं पडतो. आपली मदत हवी आहे ती नेमकी या मधल्या खर्चाला. पोकलेन दिवसाला आठ तास चाललं तर शंभर-सव्वाशे लिटर डिझेल पितं. तुम्ही एका दिवसाचं डिझेल दिलंत तरी कुणाच्या तरी रानात त्या दिवसाचा गाळ पडेल. गाळ विकला जाणार नाही, वाळू-मुरमाला हात लावला जाणार नाही, आणि तलावाच्या मूळ तळाखाली खोदायचं नाही, हे ग्रामसभेत ठरलं आहे. माती आणि गाळाचे नमुने आधी बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घेऊ, कारण सरसकट सगळ्याच रानांना गाळ मानवत नाही. ज्यांच्या रानाला नको असेल त्यांना तसं स्पष्ट सांगू.

आता पोरांबद्दल. हे काम आमच्या दृष्टीनं गाळाइतकंच महत्त्वाचं आहे.

मे महिन्यात जिल्हा परिषदेची शाळा बंद असते. शहरात त्या महिन्यात शिबिरं भरतात, पोहण्याचे वर्ग असतात. आपल्याकडे विहिरी कोरड्या, त्यामुळे पोहणंही नाही. सातवी-आठवीची मुलं दिवसभर पारावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली असतात, आणि मुली टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंड्यांच्या रांगेत. गेल्या वर्षी आम्ही पंधरा दिवस सकाळचा वर्ग चालवून पाहिला. वीस मुलं येतील असं वाटलं होतं, चौसष्ट आली. शेजारच्या दोन वाड्यांवरची पोरं तीन किलोमीटर चालत यायची आणि आमच्या आधी हजर असायची.

सकाळी साडेपाचला माळावर धावणं. माणच्या पोरांना धावायला कुणी शिकवावं लागत नाही. आपल्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. १९८४ मधल्या पी. टी. उषा यांच्यानंतर ट्रॅकवरच्या शर्यतीत ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. हे आपल्या पोरींना तोंडपाठ आहे. पण चौसष्टपैकी धावण्याचे बूट फक्त नऊ जणांच्या पायात होते. एक सहावीतली मुलगी भावाचे बूट पुढच्या टोकाला चिंध्या कोंबून घालायची आणि तरीही सगळ्यांच्या पुढं असायची. तिच्या मापाचे बूट आले पाहिजेत, एवढंच आम्ही तेव्हा ठरवलं.

धावून झाल्यावर हुलग्याचं माडगं, मग दहापर्यंत समाजमंदिरात वाचन आणि गणित. गणिताला पुस्तक लागत नाही, तलाव आहे. मागच्या वर्षी मोठी मुलं भरावावर, मशिनपासून लांब, लिंबाच्या सावलीत बसून ट्रॉल्या मोजायची. पाचवी खेप आली की चार उभ्या रेघांवर आडवी रेघ. संध्याकाळी वहीवरून घनमीटर काढायचे आणि घनमीटरचे लिटर. दशांश चिन्ह कुठं द्यायचं हे वर्षभर न कळलेल्या पोरांना ते आठ दिवसांत कळलं, आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या हिशेबातली एक चूकही त्यांनीच शोधून काढली! यंदाही खेपांची अधिकृत नोंद याच वहीत होईल. तलावाच्या आत एकाही मुलाला सोडणार नाही, भरावावर दोन मोठी माणसं कायम असतील.

तर आम्हाला काय हवं आहे?

सगळ्यात आधी डिझेल. त्यानंतर बूट, एका जोडाला सहाशे-सातशे रुपये धरले आहेत, मापांची यादी तयार आहे. हुलगे, गूळ, शेंगदाणे कुणी पोत्यानं दिले तरी चालतील. जुनी, पण फाटलेली नसलेली गोष्टींची पुस्तकं. आणि माणसं: पुण्याला शिकायला असलेल्या आपल्या मुला-मुलींनी मे महिन्यातले चार-चार दिवस वाटून घेतले तर महिन्याचा वर्ग निघतो. गावातले कुणी नर्स, डॉक्टर असतील तर त्यांनी एक दिवस येऊन पोरांचे डोळे आणि रक्त तपासावं, फार गरज आहे. धावण्याचं शास्त्रशुद्ध शिकवणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय गाव करेल.

वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून राबणारे आपले भाऊ, सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या भट्टीपुढं परमुलखात आयुष्य काढणारे आपले बांधव, तुमच्याकडून गाव नेहमीच मागत आलंय. देवळाचा कळस, शाळेची खोली, स्मशानभूमीचं शेड, सगळ्यांवर तुमची नावं आहेत. या कामावर नाव कोरायला दगड नाही, ते गाळात आणि पाण्यात जाणार. पण प्रत्येक रुपयाचा हिशेब दर रविवारी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल आणि त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येईल.

यात्रेच्या बैठकीत एकमतानं ठरलं आहे की यंदा डॉल्बी आणायची नाही, ते पैसे डिझेलला. तमाशा होणार, कुस्त्यांचा फडही होणार. ते बंद करा असं आम्ही कुणालाच म्हणणार नाही, यात्रा ही यात्रेसारखीच व्हायला हवी.

देणगी मंडळाच्या बँक खात्यावरच द्यावी, रोख रक्कम कुणाच्याही हातात देऊ नये, आमच्याही नाही. खात्याचा तपशील ग्रामपंचायतीत आणि ग्रुपवर आहे. पावती मिळेल. प्राप्तिकरातली सवलत मात्र मिळणार नाही, आमची तशी नोंदणी झालेली नाही. ज्यांना पैसे जमणार नाहीत त्यांनी ट्रॅक्टरच्या चार खेपा द्याव्यात, किंवा सकाळी दोन तास बांधबंदिस्तीच्या श्रमदानाला यावं. वरच्या अंगाला बांध नीट नसतील तर काढलेला गाळ चार पावसाळ्यांत परत येईल, त्यामुळे हे काम डिझेलइतकंच मोलाचं आहे.

पोकलेन अक्षय्य तृतीयेला तलावात उतरेल. त्याआधी, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता गावी आलेल्या सगळ्यांनी तलावावर यावं. पहार तिथंच रोवून ठेवली आहे, आपल्या हातानं हलवून बघा.

आपले,
गावातलं तरुण मंडळ