जुन्या गाड्यांचा विमा: बचत कुठे करावी?

महोदय,
एकाच नावावर दोन-तीन जुन्या गाड्या असलेले अनेकजण प्रत्येक पॉलिसीत मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण पुन्हा विकत घेतात. हे संरक्षण गाडीला नव्हे, माणसाला असते. जानेवारी २०१९पासून एका पॉलिसीतले बाकीच्या गाड्यांनाही चालते. नूतनीकरण करताना तसे लेखी द्यावे.

दहा वर्षांवरील गाडीच्या दाव्यात धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, प्लास्टिक-रबरावरही तेवढाच. गाडीची किंमत फार उतरली असेल तर थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीपुरता) पुरे. तो मात्र एक दिवसही खंडित होऊ देऊ नये. पूर्ण विमा ठेवायचाच असेल, तर मुदत संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण करावे, नाहीतर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो.

वाचलेला पैसा आधी ब्रेक ऑइलवर घालावा. ते हवेतला ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि घाट उतरताना ते तापून उकळले की पेडल अचानक मऊ पडते. दर दोन वर्षांनी बदलाच! उभी गाडी जागेवर पाच मिनिटे चालू ठेवून उपयोग नाही; इंजिन पुरते तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचते. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे फिरवावी. ते जमत नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी.

— एक वाहनधारक, पुणे