फळी घेतली आहे, आई

गिरगाव, मुंबई
शनिवार, रात्री

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर नुसतं "बरं" म्हणालीस आणि ठेवलास, तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. अण्णांचं नाव तू घेतलं नाहीस, पण मला ते ऐकू आलं. फोनवर मी घाईत बोलते, बाबांना नीट ऐकू येत नाही, मग दोघांनाही अर्धंच कळतं. म्हणून लिहायला बसले.

आधी मुख्य ते सांगून टाकते, विंडसर्फिंगचं, म्हणजे शीड लावून पाण्यावर वाऱ्याने चालवायच्या फळीचं. फळी घेतली आहे. दोन नवी शिडंही घेतली. पैसे दिले, सामान आलं, आणि चौपाटीजवळ शिडाच्या होड्या शिकवणाऱ्यांची शेड आहे तिथे महिन्याच्या भाड्याने ठेवलंसुद्धा. गणपतीत मी "मुंबईला गेल्यावर बघू" म्हटलं, त्याचा अर्थ तू "सोडलं" असा घेतलास आणि मी तो घेऊ दिला. ते माझं चुकलं, आई. पैसे बोनसचे आहेत. पाटल्यांना हात लावलेला नाही. बाबांच्या डोळ्यासाठी बाजूला ठेवलेत तेही जिथल्या तिथे आहेत.

बाबा विचारणार, पडवीत एक फळी आहे ना, मग ही दुसरी कशाला? त्याचं उत्तर मी दोन महिने शोधत होते. गेले कित्येक रविवार चौपाटीवर नुसती बसून वारा बघितलाय.

पणजीला मिरामारचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारचा वायव्येचा वारा तिथे तिरका किनाऱ्याकडे येतो. हात भरून आले, शीड पाण्यात पडलं, तरी वारा आपणहून वाळूकडे आणून सोडायचा. गिरगाव चौपाटी आत वळलेल्या पाण्याच्या अगदी टोकाला आहे आणि तिचं तोंड दक्षिणेच्या अंगाला. तोच वारा इथे मलबार हिलवरून खाली उतरतो आणि किनाऱ्यापासून बाहेर नेतो, मरीन ड्राइव्हच्या कडेकडेने नरिमन पॉइंटकडे. त्या कडेला सिमेंटचे चार पायांचे ठोकळे रचलेत, तिथे फळी लावता येत नाही. म्हणजे इथे परत यायचं तर प्रत्येक वेळी वाऱ्यावर चढून यावं लागणार. हे मी तुमच्यापासून लपवत नाहीये, कारण सगळं सामान याच एका गोष्टीसाठी निवडलंय. वेग मला नको होता, परत येता येणं हवं होतं.

जुन्या फळीला पोटातलं पातं नाही. नव्या फळीला आहे, डॅगरबोर्ड म्हणतात त्याला. मधल्या फटीतून पायाने खाली ढकलायचं लांब पातं. ते खाली असलं की फळी बाजूला सरकत नाही, वाऱ्याच्या दिशेने नाक धरून चढते. बाबा, होडीच्या पठाणासारखंच काम. ते नसतं तर मी मुंबईत पाण्यात पाऊल टाकलं नसतं, हे शपथेवर सांगते.

दुसरं म्हणजे आकार. जुनी १०५ लिटरची. ती विकणाऱ्याने "तुम्ही बारीक आहात, तुम्हाला लहानच बरी" असं सांगून गळ्यात मारली होती आणि पहिले तीन महिने मला तिच्यावर धड उभं राहता आलं नव्हतं. कपाळावरचे ते टाके त्या दिवसांतलेच. नवी १६० लिटरची आहे. एक लिटर फळी साधारण एक किलो भार तोलते. मी ५८ किलो, शीड, डोलकाठी आणि बूम (हातात धरायची आडवी दांडी) मिळून ११ आणि फळी स्वतः १३, म्हणजे ८२. वर ७८ किलो शिल्लक. जुनीवर हाच हिशेब केला तर फार थोडे उरायचे. बाबा, तुम्ही वहीत मांडून बघा. आणि उद्या डोलकाठी मोडलीच, तर शीड गुंडाळून फळीवर पालथं पडून हातांनी वल्हवत येता येईल एवढी ती लांब-रुंद आहे. मी ते दोनदा करून पाहिलंय, किनाऱ्यालगत, कमरेएवढ्या पाण्यात.

शिडं मात्र लहान घेतली. पणजीत साडेसहा चौरस मीटरचं वापरायचे. इथे ५.८ आणि ५. मलबार हिलवरून उतरणारा वारा एकसारखा नसतो. पाच मिनिटं मेल्यासारखा पडतो आणि मग एकदम धपका येतो. मोठं शीड असलं की तो धपका सगळा खांद्यांवर. लहान शिडाने कधी कधी नुसतं उभं राहावं लागतं, तर राहीन उभी. दोन्ही शिडांना ४०० सेंटिमीटरची एकच डोलकाठी चालते, असं बघून घेतलं. तिचे दोन तुकडे होतात, दोन-दोन मीटरचे. ते माझ्या खोलीच्या दाराआड उभे आहेत. घरमालकीण काकू त्यांना गुढीच्या काठ्या समजल्या होत्या.

हवा भरायची फळीसुद्धा बघितली. ती गुंडाळून खाटेखाली मावली असती, शेडचं भाडं वाचलं असतं, इथल्या खोल्यांना तेच सोयीचं. पण डोलकाठीच्या बुडाशी ती लाटेत वाकते, आणि ती फुटेल या विचाराने तुला झोप लागली नसती. म्हणून नाही घेतली. खालचा मागचा पर, फिन, तोही मागे कललेला घेतलाय, कारण इथल्या पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या फार. सरळ पराला त्या अडकतात आणि फळी थबकते, कललेल्यावरून त्या निसटून जातात. रबरी बूट, तरंगणारं जाकीट, शिट्टी, सगळं आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्याच आठवड्यात घेतलं.

आता जे बाबांनी शिकवलं ते बाबांनाच सांगते. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. सागरेश्वरच्या किनाऱ्यावर तुमच्या खांद्यावर बसून मी पाढ्यासारखं म्हणायचे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तुमच्या मानेला उन्हाचा आणि गायछापचा वास यायचा, आणि मी चुकले की तुम्ही माझा पाय हळूच हलवायचात. ते सगळं इथे उपयोगाला आलंय. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला, म्हणजे वारा वाढतो त्या सगळ्या दुपारभर ओहोटी. वाराही बाहेर नेणार आणि पाणीही. उधाणाच्या त्या दिवसांत मी जाणारच नाही. षष्ठीपासून नवमीपर्यंत भांग असतो, पाण्याला ओढ कमी आणि दुपारभर भरती आत येत असते. तेवढेच दिवस माझे. त्यातून शनिवार-रविवार धरले तर महिन्यात फार तर तीन-चार वेळा. जूनपासून पाऊस सरेपर्यंत फळी शेडमध्येच राहील. कॅलेंडरवर मी लाल पेन्सिलीने खुणा केल्यात. बाबा, तुम्ही तुमच्याही कॅलेंडरवर करा, म्हणजे मी कुठल्या दिवशी कुठे आहे ते तुम्हाला मला न विचारता कळेल.

शेजारच्या काकी म्हणाल्या म्हणे, या वयात काय हे पोरखेळ. आई, त्यांना सांग, १९८४ पासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ईबाद अलीने यात कांस्यपदक मिळवलंय. मला पदक नकोय. मला आठवडाभर काचेच्या खोलीत बसल्यावर दोन तास वाऱ्याला हाताने धरायचं असतं, एवढंच. हे नसतं तर मुंबई मला झेपली नसती. पणजी सोडायचं मी ठरवलं तेव्हा तुम्ही दोघांनी एक शब्द उलटा बोलला नाहीत, पण दर रविवारी मी येणार म्हणून बांगड्याचं तिखलं व्हायचं ते आता होत नाही, हे मला माहीत आहे. नोकरी तिथे संपलीच होती, आई. मी सोडून नाही आले.

इथे माझं सगळं नीट आहे, काळजी करू नकोस. खोली तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत सकाळी ऊन येतं. पाणी पहाटे येतं तेव्हा काकू माझ्याही बादल्या भरून ठेवतात. त्यातली एक मी शिडं विसळायला वापरते, मीठ राहिलं तर शिवण खराब होते. गिरगावात मेट्रोचं स्टेशन झालंय, त्यामुळे बीकेसीपर्यंत एकाच गाडीने बसून जाते, लोकलची रेटारेटी नाही. पोळी-भाजी केंद्र कोपऱ्यावरच आहे, पोळ्या मऊ असतात. तू पाठवलेली कुळथाची पिठी अजून अर्धी आहे. रात्री दहाच्या आत जेवते. "जेवलंस मां?" असं तू विचारायच्या आधीच सांगते.

आता माझं ऐका. बाबा, बीपीची गोळी संपली की चार दिवस "बरं वाटतंय" म्हणून थांबायचं नाही, पाकिटात पाच उरल्या की लगेच आणायच्या. डोळ्याची तारीख घेतली की मला कळवा, मी कोकणकन्याने कुडाळला उतरते, सुट्टी मिळेल. मे महिन्यात कौलं चाळायला स्वतः चढायचं नाही, माणूस बोलवा, पैसे मी पाठवते. आई, विहिरीवरून कळशी नको. पंप लाव. विजेचं बिल मी भरते आहे, ते तुझ्या गुडघ्यापेक्षा महाग नाही. आणि रात्री देवळात जाताना बॅटरी घेऊनच जा.

पडवीतली जुनी फळी विकू नका. उन्हात नको, एवढंच बघा. तिच्यावर आमसुलं वाळत घातलीस तरी चालेल, मला तर आवडेलच. फक्त खोबरं नको, तेल मुरलं की पाय सरकतो. मी आले की सागरेश्वरला तिच्यावर जाईन, बाबांनी वाळूत उभं राहायचं.

पहिल्यांदा खोल पाण्यात पुढच्या भांगाच्या शनिवारी जाणार आहे. एकटी नाही, शेडमधले दोघे होडी घेऊन बरोबर असतील. पाचला पाण्याबाहेर, साडेपाचला तुला फोन. फोनमागच्या भिंतीवर शेडचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, तो खाली वेगळ्या चिठ्ठीवर देते. साडेपाच वाजेपर्यंत खळ्यात येरझाऱ्या घालू नकोस, आई. बाबांना चहा कर, तूही घे, आणि फोनजवळ बस.

तुमची,
बाय