मार्गदर्शक शिक्षकांसाठी सूचना : सत्रातल्या पहिल्या भेटी

सर्व मार्गदर्शक शिक्षकांना नमस्कार.

नव्या विद्यार्थ्यांची पहिली भेट वर्ग सुरू झाल्यापासून 2 आठवड्यांच्या आत, प्रत्येकाची स्वतंत्रपणे घ्यावी. 20 मिनिटे पुरतात. गटात कोणी अडचण सांगत नाही, "सगळं ठीक आहे सर" एवढंच ऐकू येतं. "काही अडचण आहे का?" यापेक्षा "या आठवड्यात कोणता तास बुडाला, कशामुळे?" असं विचारा. प्रवास, नोकरी, फी, आजारपण, डोक्यावरून जाणारा विषय, जे असेल ते मग बोलण्यात येतं.

दुसरी भेट पहिल्या अंतर्गत परीक्षेनंतर लगेच. सत्राच्या निकालापर्यंत थांबलात तर विषय बदलण्याची मुदत उलटून गेलेली असते. हजेरी अचानक घसरली तर त्याच आठवड्यात फोन करा.

नोंदवहीत तारीख, काय करायचं ठरलं आणि पुढची भेट एवढंच लिहावं. घरच्या किंवा मानसिक त्रासाचा तपशील कृपया नको. वही इतरांच्याही हाती जाते. जिवाला धोका वाटला तर मात्र गुप्तता बाजूला ठेवा, विद्यार्थ्याला एकटं सोडू नका, समुपदेशकाकडे स्वतः घेऊन जा. नुसता नंबर हातात दिला तर बरेच जण तिथपर्यंत पोहोचतच नाहीत.

रजेवर जाताना आपले विद्यार्थी कोणाकडे सोपवले, हे विभागाबरोबर त्यांनाही कळवा.