आई, सोमवारी सेवाग्रामला जायचं आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दादाशी बोलून ठरवलं आहे. येत्या सोमवारी आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायचं. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण विचारलं की सोयाबीनची सोंगणी निघते, ती संपली की कापसाची वेचणी. मजूर दादानं सांगून ठेवलेत, गाईचं दूध काकू काढतील. संध्याकाळी तू घरी असशील, आई.

तू म्हणशील, मले काय झालं बाप्पा! काही झालं नसेलही. पण दादाच्या वेळी तुझा बीपी वाढला होता, तोंडापायावर सूज होती, लघवीतून प्रोटीन जात होतं आणि दिवस भरायच्या आधीच तू बाळंत झालीस. ज्या बाईला असं होतं, तिला पुढे हार्ट अटॅकचा आणि लकव्याचा धोका इतर बायांच्या साधारण दुप्पट असतो. दिवस भरायच्या आधी बाळंत व्हावं लागलं, तर आणखी जास्त. बैलाची दमछाक चढावर दिसते, सपाटीवर झाकून जाते. बाळंतपण हा हृदयासाठी तसाच चढ. नंतर बीपी उतरला तरी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला झालेली इजा पूर्ण भरून येतेच असं नाही.

यात तुझं काहीच चुकलं नव्हतं, आई. मधल्या बाळाबद्दल तू बोलत नाहीस, मीही खोदून विचारणार नाही. डॉक्टरांना मात्र एवढं सांगायचं, की ते पोटातच गेलं. त्याचाही हृदयाशी संबंध असतो.

आणि तुझी पिशवी चाळिशीच्या आत काढली. सोबत अंडाशयंही काढली असतील तर त्यांच्यात तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम थांबतं, कोलेस्टेरॉल वाढतं, रक्तवाहिन्या लवकर कडक होतात. अंडाशयं ठेवली असली तरी पाळी जाण्याचं वय काही वर्षं अलीकडे येऊ शकतं. बाबा, ऑपरेशनचं कार्ड लोखंडी पेटीत आहे, ते काढून ठेवा. त्यावर काय काय काढलं ते लिहिलेलं असतं.

दादासोबत बीपीचं मशीन पाठवते आहे. सकाळ-संध्याकाळ मोजायचा. आधीच्या अर्ध्या तासात चहा नाही, तंबाखूचा खर्रा तर नाहीच. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून खुर्चीवर पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, मांडी घालायची नाही. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. हात लोंबता राहिला तर आकडा खोटा वाढतो. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त आली, तर गोळीबद्दल डॉक्टर बोलतील.

तुझा चहा, तुझी भाकर कोणी बंद करत नाही. मीठ तेवढं दिवसाला एक छोटा चमचा, पापड-लोणच्यातलं धरून. तू रातच्याला उठून माझ्या अंगावरची वाकळ सारखी करायचीस, एवढी काळजी आता मला तुझी करू दे.

बाबा, हे नीट ध्यानात ठेवा. बाईमाणसाचा अटॅक दर वेळी छातीत कळ आणूनच येतो असं नाही. जबडा, पाठ किंवा खांदा दुखणं, दम लागणं, घाम फुटणं, मळमळ, एकाएकी गळून जाणं, हेही असू शकतं. असं झालं तर सोडा-ओवा देत बसू नका. लगेच 108 ला फोन करा आणि तिला चालवू नका.

सोमवारी उपाशीपोटी निघा, पाणी चालेल. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, शिवाय ईसीजी करायला सांगू. भाकर डब्यात घ्या, रक्त दिल्यावर खाऊ. मी थेट दवाखान्याच्या गेटवर भेटते.

तुमची,
लेक