आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: मला मुंग्या येत होत्या, साहेब

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीत वाहक आहे. मला मधुमेह आहे. गेल्या महिन्यात माझ्या उजव्या पायाचं एक बोट कापून काढावं लागलं. आपल्यामागे कामं फार, म्हणून आधीच सांगतो, मदतनिधी मागत नाहीये.

दीड वर्षापूर्वी सरकारी दवाखान्यात गेलो होतो. पायाला मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, चप्पल निसटली तर चार पावलं गेल्यावर कळतं. सगळं मराठीत सांगितलं. कागदावर उतरलं इंग्रजीत: 'पॅरेस्थेशिया, ग्लोव्ह अँड स्टॉकिंग'. मेडिकलवाल्याला विचारलं तर म्हणाला, हातमोजे-पायमोजे घालायला सांगितलेत. हातमोजे घालून तिकिटं कशी काढणार? पायमोजे मात्र घातले. भर मे महिन्यात, तीन जोड विकत आणून! पॅरेस्थेशिया म्हणजे मुंग्याच, आणि मोजा चढतो तेवढ्या भागातली जाणीव बिघडलीय, असा त्या कागदाचा अर्थ. तो कळला बोट गेल्यावर.

बुटाच्या तळातून खिळा वर आला होता. त्याच पायावर दिवसभर उभा राहून तिकिटं काढली. रात्री बायकोनं मोजा ओढला तर निघेना. मोजा काळा, रक्त दिसलंच नाही, तिच्या हाताला लागलं.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या पायाला नायलॉनचा जाड दोरा टेकवला. दहा ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो म्हणे. "डोळे मिटा, लागलं की हो म्हणा." मी वाट बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "झालं, काका." मग थरथर जाणवते का बघायला 128 हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर. सगळं मिळून पाच मिनिटं. दीड वर्षापूर्वी मला कुणी "बूट काढा" एवढंही म्हणालं नव्हतं. तो दोरा तुमच्या स्वागताच्या हारापेक्षा स्वस्तच असेल. पावती मागू नका.

गेल्या वर्षी तालुक्याच्या शिबिरात तुमच्या खात्याचे एक साहेब मंचावरून बोलले, 'प्रत्येक मधुमेह्याचे पाय तपासू.' तपासली ती साखर, तीही फोटो निघेपर्यंत. देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत, असं आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 च्या अभ्यासात आलं. आमच्या डेपोत निम्मे तरी असतील. मोजले नाहीत, टपरीवर बिनसाखरेचे किती चहा जातात त्यावरून सांगतोय. यांचे बूट कोण काढणार?

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठी अभिजात झाली. पेढे आम्हीही खाल्ले, मी अर्धाच. राजभाषेचा कायदा तर 1964 चा. पण जिथे माणसाचा पाय अडकलाय तो कागद इंग्रजीत, विम्याचा इंग्रजीत, बँकेचा इंग्रजीत. माझ्या गाडीला फक्त इंग्रजी पाटी लावली तर स्टँडवर दंगा होईल. दवाखान्यात आम्ही मुकाट चढतो आणि कुठे उतरवतील तिथे उतरतो. कोशातला जड शब्द नकोच मला. 'मुंग्या' लिहा, 'बधिर' लिहा, खाली एक ओळ टाका: अनवाणी फिरू नका, बूट झटकून घाला, रोज तळवे बघा.

उद्या ड्रेसिंग आहे. मोज्यांचा एक जोड अजून कोरा आहे, मंत्रालयाच्या पत्त्यावर पाठवू का?

आपला,
एक वाहक