घाट उतरताना ब्रेक सांभाळा

महोदय,

पावसाळा सरला की सायकलवर सामान बांधून कोकणात उतरणाऱ्यांची संख्या वाढते. त्यांतील नवख्यांना अनुभवी मंडळी गिअर आणि बॅगांविषयी भरभरून सांगतात. ब्रेकविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, याची मला मनापासून काळजी वाटते. ताम्हिणी किंवा वरंध घाटात लादलेली सायकल सतत ब्रेक दाबून उतरवली, तर डिस्क ब्रेकमध्ये चाकाच्या मध्यावरची चकती तापून पकड कमी होते आणि चाकाच्या कडेवर दाबणारे रिम ब्रेक असल्यास तापलेल्या रिममुळे ट्यूब फुटण्याचाही धोका असतो. म्हणून वळणाआधीच दोन्ही ब्रेक दाबून वेग उतरवावा, वळणात ते शक्यतो सोडावेत आणि मध्ये थांबून निवू द्यावेत. ब्रेक पॅडचा थर जेमतेम मिलिमीटरभर उरला असेल, तर ते निघण्यापूर्वीच बदलावेत.

कोकण किनाऱ्यालगतचा सागरी मार्ग, म्हणजे रस्ता, सपाट असतो, हा समजही चुकीचा आहे. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीतून उतरताच खाडीकाठावरून जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उंच सपाट माथ्यावर, चढावे लागते आणि पुढच्या खाडीकडे पुन्हा तसाच तीव्र उतार असतो. तिथे पाणी, दुरुस्तीची हत्यारे, तंबू असे जड सामान पाठीवर न घेता सायकलवरच, शक्य तितके खाली बांधावे. सायकल विक्रेत्यांनीही ग्राहकांना एवढे आवर्जून सांगावे, ही विनंती.

– एक सायकलस्वार, पुणे