त्या ‘११ दिवस ७ देश’वाल्या टूरचे पैसे भरू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू, बघू" म्हणतात आणि लगेच साताऱ्यात पाऊस किती झाला ते सांगायला लागतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तूच मोठ्याने वाचून दाखव, त्यांचा चष्मा ऐनवेळी सापडणार नाहीच.

बाबांनी ग्रुपवर टाकलेलं टूरवाल्यांचं पत्रक मी नीट वाचलं. ११ दिवस, ७ देश. त्यात इटलीच्या वाट्याला दोन दिवस, आणि त्या दोन दिवसांत रोम, पिसा, व्हेनिस आणि शिवाय "फ्लोरेन्स पॅनोरमिक व्ह्यू", म्हणजे एका टेकडीवर बस थांबवणार, खाली दिसतंय ते फ्लोरेन्स असं सांगणार, फोटो काढा, चला बसा. रोज पहाटे बॅगा रूमच्या बाहेर ठेवायच्या. आता बाबांचा गुडघा, आईची सकाळची पूजा आणि आवराआवर, हे सगळं त्यात कुठे बसतं ते मला एकदा समजावून सांगा. जेवण आपलं मिळतं आणि सोबत मराठी माणसं असतात, हे दोन मुद्दे मी मान्य करते. त्याच्यापुढे नाही.

माझं म्हणणं असं की तुम्ही सरळ माझ्याकडे इटलीत या आणि तीन-चार आठवडे राहा. मुक्काम बोलोन्यात, एक दिवस आराम, एक दिवस फिरणं. सकाळी पोहे खाऊन निघायचं आणि रात्री वरणभाताला घरी यायचं. मी इथे आल्यापासून सुट्टीच्या दिवशी हेच करतेय, आणि आताशा तर कुठल्याही गावाला गेले की चर्च राहिलं बाजूला, आधी बसायला बाकं कुठे आहेत, पायऱ्या किती, बाथरूम कुठे तेच बघत सुटते. बरोबरच्या मुली हसतात.

बोलोन्याच का, तर इथून रेल्वेचे फाटे सगळीकडे फुटतात. फेरारा अर्धा-पाऊण तास, मोदेना अर्ध्या तासाच्या आत, पार्मा तासभर, रावेन्ना सव्वा तास, आणि फास्ट गाडीने फ्लोरेन्स तर पाऊण तासाच्या आत, तेही जवळजवळ सगळं बोगद्यांतून त्यामुळे खिडकीची सीट कुणाची यावरून भांडायला नको. फास्ट गाड्यांचं तिकीट आधी काढलं तर स्वस्त, पण साध्या रिजनल गाड्यांचा दर ठरलेला असतो, आदल्या महिन्यात काढा नाहीतर सुटायच्या पाच मिनिटं आधी काढा. म्हणजे सकाळी उठून गुडघा काय म्हणतोय ते बघायचं आणि मग ठरवायचं. कागदी तिकीट मात्र गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड, तिकीट असलं तरी! आणि बाबा, संपाबद्दल तुम्ही पेपरात वाचलं असेल, होतात संप, पण आधी जाहीर करून होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ काही गाड्या सोडाव्याच लागतात. रविवारचा संप असेल तर घरी बसून पत्ते खेळू.

स्टेशनवरचं एक घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबलेलं दिसेल, ते बंद पडलेलं नाहीये, मुद्दाम तसं ठेवलंय. २ ऑगस्ट १९८० ला तिथल्या वेटिंग रूममध्ये बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली, ती ही वेळ. सुट्ट्यांची गर्दी होती त्या दिवशी. मी तिथून जाताना अजून दर वेळी वर बघते.

गावातच फिरायचं म्हटलं तरी आईला आवडेल कारण इथे रस्त्याच्या कडेने कमानींखालून चालायचं असतं, सगळ्या मिळून ६२ किलोमीटर कमानी आहेत म्हणतात, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेल्या. ऊन नाही, पाऊस नाही, खाली फरशी गुळगुळीत. दोन उंच मनोरे आहेत, त्यातला छोटा इतका कललाय की २०२३ पासून त्याच्या आजूबाजूचा भाग बंद केलाय, त्यामुळे मोठ्यावर चढायचा प्रश्नच आपोआप मिटला. नाहीतर बाबांनी हट्ट धरला असता.

आता रावेन्ना. आई, हे तुझं गाव. फ्लोरेन्स-व्हेनिसच्या मानाने इथे गर्दी जवळजवळ नाही, स्टेशनपासून सगळं सपाट आणि चालत जाण्यासारखं. काचेच्या नखाएवढ्या तुकड्यांनी केलेली चित्रं आहेत, पाचव्या-सहाव्या शतकातली, म्हणजे दीड हजार वर्षांची, आणि रंग असा की काल कुणी पुसून ठेवल्यासारखा. गाला प्लाचिदियाची समाधी म्हणून एक छोटीशी विटांची इमारत आहे, बाहेरून बघितलीस तर म्हणशील की इथे कशाला आणलंस. आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही, खिडक्यांना काचेच्या जागी अलाबास्टर दगडाचे पातळ पत्रे आहेत, त्यातून मधासारखा उजेड येतो, आणि जरा थांबलं की वर गडद निळं छत आणि त्यावर सोनेरी चांदण्या दिसायला लागतात. थोडाच वेळ आत थांबू देतात म्हणून पहिल्या मिनिटात मोबाईल काढायचा नाही, डोळे सरावू द्यायचे.

पण मला सगळ्यात आवडतं ते दुसऱ्या चर्चमधलं, सांत अपोलिनारे नुओवो. तिथे भिंतीवर थिओडोरिक राजाचा राजवाडा काढलाय, ओळीने पांढरे खांब, आणि खांबांच्या मधे पूर्वी माणसं होती. राजा गेला, राज्य बदललं, नव्या लोकांना ती माणसं नको होती, मग त्यांनी माणसांचे तुकडे काढून तिथे पडदे बसवले. फक्त काही जणांचे हात शेजारच्या खांबांवर आलेले होते ते तसेच राहिले. त्यामुळे आता पडदा, पडदा, आणि मधेच पांढऱ्या खांबावर नुसता एक पंजा, मागे माणूस नाही. पहिल्यांदा गेलात तर दिसणारही नाही, मी दाखवीन.

दान्तेही इथेच आहे. फ्लोरेन्सचा एवढा मोठा कवी, पण त्यांनी त्याला हद्दपार केलं आणि १३२१ मध्ये तो रावेन्नातच वारला. नंतर फ्लोरेन्सला उपरती झाली, त्यांनी अस्थी मागितल्या, तर इथल्या साधूंनी त्या भिंतीत लपवून ठेवल्या, इतक्या चांगल्या की १८६५ मध्ये दुरुस्तीच्या कामात अचानक सापडल्या. फ्लोरेन्सच्या चर्चमध्ये त्याची भलीमोठी कबर आहे, रिकामी. आणि दर सप्टेंबरात फ्लोरेन्सवाले इथल्या समाधीवरच्या दिव्यासाठी तेल घेऊन येतात. आई, तू म्हणशील बरं झालं, भोगा आता. बाजूच्याच चर्चच्या तळघरात पाणी साठलंय, नाणं टाकलं की लाइट लागतो आणि पाण्याखालच्या जुन्या फरशीवरून लाल मासे फिरताना दिसतात. सुट्टी नाणी घेऊन ये.

रावेन्नाला जाताना लुगो स्टेशन गेलं की बाबांनी खिडकीतून बाहेर बघायचं. सेनिओ नावाची नदी लागते, नदी कसली, आपल्याकडे ओढा म्हणतील, पूल कधी आला आणि गेला कळत नाही, फक्त दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध दिसतात. (२०२३ च्या मेमधल्या पुरात या भागातल्या नद्यांनी हेच बांध फोडून गावंच्या गावं पाण्याखाली घातली होती.) तर ९ एप्रिल १९४५ ला याच नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, त्यांनी आधी दोन जखमींना पाण्यातून, बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणून सोडलं आणि मग एकट्याने परत जाऊन समोरची मशिनगनची ठाणी बंद पाडली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना. समोर जर्मन, अंगावर इंग्रजांचा युनिफॉर्म, आणि माणूस संगमनेरकडचा! आपल्याकडे वाडीवाडीत पेन्शनीतले फौजी आजोबा असायचे, ते "इटलीत होतो" म्हणायचे तेव्हा आपल्याला ते रोममध्ये होते असं वाटायचं. ते इथे होते, या चिखलात.

फोर्ली म्हणून अजून एक स्टेशन आहे, तिथे भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि ज्यांना अग्नी दिला त्यांच्या नावांचं स्मारकही. गवत कापलेलं, सगळं नीटनेटकं, माणूस मात्र कुणी नाही. मी गेले तेव्हा एकटीच होते, नावं वाचत बसले, वयं एकोणीस, बावीस अशी, आणि मराठा लाइट इन्फंट्री दिसलं की तिथे जरा जास्त थांबत होते. कुठल्याच टूरमध्ये हे नसणार. स्टेशनपासून टॅक्सी करू, बाबांना चालायला नको.

पार्माची सहल बाबांसाठी. सगळं आयुष्य दूध संघात काढलंत तर इथल्या दुधाचं काय करतात ते बघायलाच पाहिजे. पार्मिजानो चीजच्या एका चाकाला (चाकासारखाच गोल ठोकळा असतो) साधारण ५५० लिटर दूध लागतं, चाक भरतं चाळीस किलोच्या आसपास, आणि कमीत कमी १२ महिने मुरवल्याशिवाय त्याला नाव लागत नाही. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून वरची साय काढतात, त्यात सकाळचं सगळं दूध मिसळतात, तांब्याच्या मोठ्या कढयांत. बाबा, गायींना मुरघास (दाबून आंबवलेला चारा) घालायचा नाही असा नियम आहे! सुकं गवत आणि हिरवा चारा, मुरघास बंद, त्याने चीज बिघडतं म्हणतात. तुम्ही ज्या मुरघासासाठी शेतकऱ्यांच्या दारोदार फिरलात तो इथे चालत नाही, यावर तुमचं मत मला समोर बसून ऐकायचंय. बऱ्याच डेअऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारीच आहेत. शेवटी तपासायला एक माणूस येतो आणि छोट्या हातोडीने चाकावर टकटक करून आवाजावरून आत पोकळ आहे का ते सांगतो. हे सगळं बघायचं तर भल्या सकाळी जावं लागतं, चीज दिवसातून एकदाच आणि सकाळीच बनतं. आई, तुला आधीच सांगून ठेवते, त्यात वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं, त्यामुळे तू ते खाऊ नकोस, आणि हॉटेलात प्रत्येक गोष्टीवर ते किसून घालतात म्हणून मी आधीच सांगत जाईन.

खाण्याचं जमेल गं. फेराराला भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता मिळतो, पार्माकडे पालेभाजी आणि रिकोटाचा (पनीरसारखं मऊ चीज), चीज वरून नको म्हणायचं, आतलं विचारून घ्यायचं. टोर्टेलिनी दिसायला गोड पण आत मांस असतं, तिकडे बघायचंच नाही. रावेन्नाकडे पियादिना मिळते, आपल्या जाडसर पोळीसारखीच, फक्त जुन्या पद्धतीत पिठात डुकराची चरबी घालतात, तेलातली मागायची. नाहीतर डब्यात थालीपीठ आहेच. नोव्हेल्लारा गावात शिखांचा मोठा गुरुद्वारा आहे, २००० साली सुरू झालेला, कारण इथल्या गोठ्यांमधून पंजाबी माणसं बरीच कामाला आहेत, तिथे लंगरला जाऊ एकदा.

आणि आईचा तो प्रश्न जो तिने बाबांसमोर विचारला नाही: घरात पाण्याची सोय आहे. १९७५ पासून इटलीत प्रत्येक घराच्या बाथरूममध्ये बिदे (धुवायचं बुटकं बेसिन) बसवायचा कायदाच आहे. बाहेर मात्र बाटली. बाहेर जायची वेळ आली की कुठल्याही बारमध्ये शिरायचं (बार म्हणजे इथे कॉफीचं दुकान, बाबा, दचकू नका), काउंटरवर उभ्याने एक कॉफी घ्यायची आणि आत जाऊन यायचं. बसून प्यायलं तर तीच कॉफी महाग पडते.

पादोव्याला जाऊ, संत अँथनीच्या समाधीच्या दगडावर हात टेकवून लोक रांगेने पुढे सरकतात, नवसाचे फोटो लावलेले असतात, तिथे तुला परकं वाटणारच नाही. फ्लोरेन्स एकदा, सकाळी लवकर, एकच म्युझियम, आणि तिथल्या मोठ्या चर्चच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या बाबांनी चढायच्या नाहीत. व्हेनिस मला स्वतःला दमवतं, पुलापुलाला पायऱ्या, आणि २०२४ पासून ठरावीक दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशाचे पैसेही घेतात. तरी बाबांना फोटो पाहिजे असणार, तर बोटीत बसून मोठ्या कालव्यातून एक चक्कर मारू आणि परत.

ऑगस्टमध्ये येऊ नका, भयंकर उकडतं आणि १५ ऑगस्टच्या आसपास अर्धी दुकानं बंद असतात. गौरी-गणपती उरकले की निघा, ऑक्टोबर इथे छान असतो. व्हिसाला मी आमंत्रणाचं पत्र पाठवते, प्रवासाचा विमा ३०,००० युरोचा लागतो, तो दादाला काढायला सांगितलाय. पासपोर्ट परतीच्या तारखेच्या पुढे निदान तीन महिने चालू असला पाहिजे, तर बाबा, कपाटातून काढून दोघांच्या तारखांचा फोटो आजच पाठवा. आणि टूरवाल्याचा फोन आला तर आईकडे द्या.

तुमची,
मनू

ता. क. - कंदी पेढे आणि तूप आणायचं नाही. बाहेरून दूधदुभत्याचं काही युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतील. बाबा, "दूध संघातला माणूस आहे" सांगून काही होणार नाही. शेंगदाण्याची चटणी चालेल, जास्त आणा.